उताऱ्याबाहेरचं काही धरायचं नाही

११ ऑक्टोबर, शनिवार

उशीर झाला, माफी असावी. ही वही नातीने, नंदूने, जूनमध्ये आणून दिली. म्हणाली, "आबा, जे काय डोक्यात घोळत असतं ते इथं लिहा, म्हणजे आमचे कान सुटतील." मी हो म्हटलं आणि पहिलं पान आज उघडतोय. माफी कुणाची मागतोय ते कळत नाही. वहीची म्हणूया.

आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. सोन्याची मूस धरायला म्हणून खानापूरकडून या तमिळ मुलखात, साहुकारपेठेत आलो आणि इथलाच झालो. लोकांचं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढून द्यायचा, हाच जन्मभर धंदा. आता दुकान माझा मुलगा संपत बघतो. मी वरच्या मजल्यावर बसतो आणि काळजी करतो. विमल, आमची सूनबाई, म्हणते त्या कामात आबांचा हात कोणी धरणार नाही.

सध्याची काळजी नंदूची परीक्षा. वकिलीच्या कॉलेजात शिरायची. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. बाकी विषय बरे. लॉजिकल रिझनिंगमध्ये मार खाते. ती नुसतं एल.आर. म्हणते, मीही तसंच लिहीन. कालच्या सराव पेपरात निम्मे चुकले. जेवली नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजपासून संध्याकाळी मी तिच्यासमोर बसायचं असं ठरलं. अण्णा नगरला तिचा क्लास आहे, तिथले सर सांगतात की उतारा दुसऱ्याला समजावता आला तरच तो आपल्याला समजला. घरात रिकामा दुसरा मीच. ती इंग्रजी वाचते, मला मराठीत सांगते, मी उत्तर द्यायचं.

पहिला उतारा. एका गावात दवाखाना निघाला. त्या वर्षी आजारी माणसांची नोंद वाढली. म्हणून दवाखान्यामुळे आजार वाढला. यात खोट कुठे?

मी म्हटलं, "डॉक्टर लोक पैशासाठी आजार काढतात."

"उताऱ्यात डॉक्टरांच्या पैशाचं कुठं आहे?"

"नाही, पण असतंय तसं."

"असू दे असलं तर. उताऱ्यात नाही."

उत्तर असं की आधी नोंद करायलाच कोणी नव्हतं. साधी गोष्ट. सुचली नाही.

नियम पहिला: लिहिलंय तेवढं खरं धरायचं, उताऱ्याबाहेरचं काही धरायचं नाही. हे मला जमायचं नाही. समोरचा सांगतो ते खरं धरत बसलो असतो तर दुकान केव्हाच बुडालं असतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या दिवाळी. दुकानात गर्दी, संपत जेवायला वर आला नाही, डबा खाली पाठवला. त्याचा रक्तदाब आठवला की माझा वाढतो.

नंदूला सुट्टी नाही. आज शिकवलं ते: आधी प्रश्न वाचायचा, मग उतारा. नाहीतर काय शोधायचं तेच कळत नाही. उताऱ्यात "म्हणून" सापडलं की बोट ठेवायचं. त्याच्या पुढे निष्कर्ष, मागे कारण. इंग्रजीत त्याला चार-पाच वेगळे शब्द आहेत, काही वेळा शब्द नसतोच, आपण मनात घालून बघायचा.

मग हे विचारलं. सगळे वकील पदवीधर. काही पदवीधर गातात. म्हणून काही वकील गातात, बरोबर का चूक?

"बरोबर. मैलापूरचे गोपीनाथराव वकील भजन म्हणतात."

"आबा, गोपीनाथरावांना घरी सोडून या आधी."

चूक आहे म्हणे. गाणारे पदवीधर सगळे डॉक्टर असतील. मी म्हटलं, पण गोपीनाथराव आहेत ना. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खालून संपत ओरडला, "काय चाललंय वर?" बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

तर आणि म्हणून. भट्टी पेटली तर खोली तापते. पण खोली तापली म्हणून भट्टी पेटली, असं होत नाही. हा दाखला माझा, तिला आवडला. मे महिन्यात या शहरात भट्टी लागते कुठे.

तिने आज नवीन रीत काढली. मी जो पर्याय निवडीन तो आधी खोडायचा. "तुम्ही ज्यात अडकता ना, आबा, पेपर काढणाऱ्याने तोच सापळा लावलेला असतो." दहातले आठ बरोबर आले. विमल म्हणाली, "आबा, मन लावून चुका बरं का." चुकून तरी पोरीच्या उपयोगी पडतोय.

पण काळजी आहेच. वकील होऊन ही राहणार कुठे, लग्न कोण करणार. मी असं बोललो की संपत म्हणतो, "आपल्या लोकांत एक तरी वकील पाहिजे." खरं आहे. आमच्या धंद्याला एकच भीती. पोलीस चोराला घेऊन येतात, चोर दुकानाकडे बोट करतो, इथं विकलं म्हणतो. मग तुम्ही घेतलेलं असो नसो. नंदू सातवीत असताना शेजारच्या शिंद्यांना तसं नेलं होतं. तिने ते बघितलं. तेव्हापासून वकील, वकील.

३० ऑक्टोबर, गुरुवार

संपतला नेलं.

दुपारी खाली गलका ऐकला. उतरलो. दक्षिणेकडच्या कुठल्या जिल्ह्यातले पोलीस, बरोबर बेड्या घातलेला माणूस, तोंडावर फडकं. त्याने आमच्या दुकानाकडे हात केला. संपत म्हणाला, "हा आला होता, खोटं कशाला बोलू. साखळीचा टंच काढून घेऊन गेला. मी काही विकत घेतलं नाही." त्यांच्या मोठ्या साहेबाने मला खांद्याला धरून बाजूला केलं. "पेरियवरे," म्हणजे वडीलधारे, "वर जाऊन बसा." संपतचा मोबाइल घेतला, कॅमेऱ्याची पेटी घेतली, त्याला घेतलं. चपला राहिल्या.

नंदू क्लासला होती. विमल आणि मी ठरवलं, तिला सांगायचं नाही. परीक्षा तोंडावर आहे. बाबा गावी गेले, चुलत्यांना बरं नाही, असं सांगू. विमलने डोळे धुतले आणि पोळ्या करायला घेतल्या.

नंदू आली, ऐकलं, म्हणाली, "मला न सांगता?" मी म्हटलं, "घाईत गेला." ती पुस्तक घेऊन बसली. मी समोर बसलो. कुठला उतारा होता आठवत नाही. माझं एक उत्तर बरोबर आलं तर ती म्हणाली, "आज तुमचं चित्त नाही, आबा."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

तात्या कदम आले. आमच्या गलाईवाल्यांत, सोनं आटवणाऱ्यांत, थोरले, कोणाचंही असलं प्रकरण तेच मिटवतात. म्हणाले, "आबा, वकील-बिकील करू नका. ऐवज भरा. संध्याकाळी पोरगं घरी."

हे असंच चालत आलंय. पोलीस म्हणतील तेवढं सोनं आपण भरून द्यायचं, की चोरीचा माल मिळाला असं होतं आणि आपला माणूस सुटतो. घेतलं होतंस का, हे कोणी त्याला विचारत नाही. विचारणं म्हणजे अपमान. आणि दागिने द्यायचे नाहीत, आटवून लगड द्यायची. दागिन्यावर घरची खूण असते, कोणी ओळखलं तर बोभाटा.

हिच्या, नंदूच्या आजीच्या, पाटल्या होत्या, बोरमाळ होती. ही गेल्यावर नंदूच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली. शटर ओढून घेतलं, मीच भट्टी लावली. बऱ्याच वर्षांनी मूस धरली. पण काम चुकलं नाही. बोरमाळेचा एक मणी उडून शेगडीखाली गेला, तो चिमट्याने काढून परत घातला. लगड चांगली पडली. चांगली पडली याचं क्षणभर समाधान वाटलं, याची आता लाज वाटते.

तात्यांबरोबर जाऊन दिली. कागदावर सही केली. तमिळ मी फाडफाड बोलतो, वाचता दुकानाच्या पाट्यांपुरतं येतं. तात्या म्हणाले, नेहमीचाच कागद आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

संपत आला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

त्याला तिकडच्या कोर्टात उभं करून जेलमध्ये टाकलं. मुख्य म्हणजे लगड कोर्टात जमा झाली. तात्या दोन दिवस फोन घेत नव्हते. आज घेतला. "अधिकारी नवा आहे, आबा. जुना असता तर झालं असतं. माझा काय दोष यात?"

नंदूने विचारलं, बाबांचा फोन का लागत नाही. गावात रेंज नाही म्हटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मैलापूरला गेलो, गोपीनाथराव वकिलांकडे. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं, त्यांच्या देवाची चांदीची भांडी आमच्याकडेच उजळायला येतात. बोलतात मराठी पण हेल तमिळ, आणि काही शब्द माझ्या आजीच्या तोंडचे. सगळं ऐकून घेतलं.

"हे असं कां केलांत तुम्ही?"

"आमच्यात रिवाज आहे, राव."

"रिवाज! तुमचा मुलगा सांगतो मी काही घेतलं नाही. पोलिसांकडे काही नव्हतं. त्या चोराचं बोट होतं नुसतं. आता त्यांच्याकडे काय आहे? तुमच्या दुकानातून निघालेली, आटवलेली लगड. आणि खाली तुमची सही, की ही मी काढून दिली. पुरावा तुम्ही स्वतः ओतून दिलांत, आबाराव."

मी म्हटलं, "दागिने हिचे होते. शपथ घेतो."

"दागिने कुठे आहेत?"

लगडीला कसली ओळख. आमचं कामच ते, ओळख पुसून देणं.

त्यांच्या घरी कॉफी दिली. पेला तसाच ठेवून उठलो. येताना चुकीच्या बसमध्ये बसलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नंदूची गाडी आता पुढे जाते आहे. आज गृहीतकाचे प्रश्न होते. बोलणारा न बोलता काय धरून चाललाय ते शोधायचं. त्याची युक्ती अशी: पर्याय उलटा करून बघायचा. उलटा केल्यावर त्याचं म्हणणं कोसळलं, तर तेच गृहीतक. न कोसळलं तर सोडून द्यायचं. "नेहमी", "कधीच", "फक्त" असले शब्द पर्यायात आले तर आधी संशय घ्यायचा. आणि एका उताऱ्यात रुतून बसायचं नाही, पुढे जायचं, वेळ उरला तर परत यायचं.

ती हे सगळं मला भराभर सांगत होती आणि मी मान हलवत होतो. विमल आत भांडी लावत होती. एकेक भांडं इतकं हळू ठेवत होती की आवाज नाही. तिला बोलायचं असलं की ती अशी भांडी ठेवते.

आत गेलो. म्हणाली, "आबा, तिला सांगू या."

मी म्हटलं, "थोडे दिवस राहिलेत."

"तुमचं सगळं तुम्हीच ठरवता."

इतक्या वर्षांत असं बोलली नव्हती.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल जेलला जाऊन आलो. नंदूला सांगितलं, आमच्या एका कारागिराकडे लग्न आहे. त्या गावातही आपला एक गलाईवाला निघाला, सूर्यवंशी, त्याने उतरवून घेतलं, जेवू घातलं, एका शब्दाने काही विचारलं नाही.

जाळीतून संपत दिसला. दाढी वाढलेली, पांढरी. माझ्यापेक्षा पांढरी. मी म्हटलं, "गोळ्या घेतोस का?" घेतो म्हणाला. "जेवण?" आहे म्हणाला. मग गजबजाटात तोंड जाळीला लावून बोलला ते एवढंच, "आबा, तुम्ही मला विचारलं पण नाही."

मी म्हटलं, "काय?"

"घेतलंस का, असं."

मागून शिपायाने वेळ झाली म्हणून हाकललं.

विचारायचं नसतं असं मी समजत होतो. त्याच्या लेखी मी न विचारताच धरून चाललो, की घेतलं असणार. आणि खरं सांगायचं तर लगड ओतताना माझ्या मनात काय होतं? या वहीतही लिहायला धीर होत नाही. त्याने घेतलं नसणार. पण त्या दिवशी मी तसं म्हटलं नाही. कुणालाच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्याच तोंडाने घात केला.

सराव चालला होता. मला राहवलं नाही, म्हटलं, "नंदू, मी एक घालतो. एका माणसावर आळ आला की तू चोरीचा माल घेतलास. तो नाही म्हणाला. पण त्याच्या घरच्यांनी तेवढा माल भरून दिला. म्हणून त्याने तो घेतला होता. बरोबर का चूक?"

ती पटकन म्हणाली, "चूक. भरून द्यायला दुसरं कारण असू शकतं. भीती. अब्रू. सुटका." मला इतकं हायसं वाटलं की मी विचारलं, "मग न्यायाधीशाला हे कळेल ना?"

ती थांबली. "कुठला न्यायाधीश? उताऱ्यात न्यायाधीश नाहीये."

"असंच आपलं."

"हा उतारा कुठला, आबा?"

"पेपरात होता."

"कुठल्या? तुम्ही गावाकडून येणारा जुना पेपर वाचता, त्यात कोडी येतात?" मग माझ्याकडे न बघता ती खोलीकडे बघायला लागली. "बाबांचा चार्जर भिंतीला तसाच आहे. गावी जाणारा माणूस चार्जर नेत नाही? दुकानाचं शटर तुम्ही अर्धंच उघडता. आई रात्री रडते, मला वाटलं आजोळचं काही असेल."

"म्हणून काय?"

"म्हणून सिद्ध काहीच होत नाही. बाकीचे पर्याय खोडले तर एकच उरतो." मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "आई. बाबा कुठं आहेत?"

विमलने सांगितलं. लगडीचंही सांगितलं. नंदूने सगळं ऐकलं. शेवटी मला म्हणाली, "मला अर्धा उतारा दिलात आणि रोज समोर बसून उत्तरं तपासलीत."

मी म्हटलं, "तुझ्या परीक्षेसाठी, बाय."

"मला विचारायचं तरी."

बापाचे आणि लेकीचे शब्द तेच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नंदू बोलत नाही. क्लासला गेली नाही. पुस्तकं दोरीने बांधून पलंगाखाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जामीन नाकारला. गोपीनाथराव म्हणाले, वरच्या कोर्टात अर्ज टाकलाय, तारीख परीक्षेनंतरच्या सोमवारची. विमल तिकडे सूर्यवंशींकडे राहायला गेली, तारखेपर्यंत तिथेच राहीन म्हणाली. जेलच्या भेटी तीच करते. घरात मी आणि नंदू. ती स्वयंपाक करते, ताट माझ्यापुढे सरकवते, आत जाते.

विमलच्या भावाचा फोन आला. "आबा, पोरीला इकडं पाठवा. एक स्थळ आहे. बापाचं पुढं काय होतंय कोण बघितलंय, आत्ताच उरकून टाकलेलं बरं. परीक्षा काय, परत येईल." मी म्हटलं, बघू. बघू म्हणायला नको होतं. नंदू दारात उभी होती.

"बघा," म्हणाली. "तुम्ही बघा आणि ठरवा. सवय आहेच तुम्हाला."

३० नोव्हेंबर, रविवार

तिला म्हटलं, परीक्षेला बस. ती म्हणाली, "कशाला? ज्या घरात शहाणपण आटवून लगड करतात तिथं वकील काय करणार?" हे बोलून तिलाच वाईट वाटलं असावं. थोड्या वेळाने माझ्या औषधाची बाटली आणून ठेवली. चमचा आणला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

गोपीनाथराव स्वतः घरी आले. जिना चढताना तीनदा थांबले. नंदूने त्यांच्यापुढे हात केला. "केसचे कागद मला वाचायला द्या. इंग्रजीतले द्या."

"कन्ये, तू माझी फी बुडवणार का?"

"हसू नका. मला वाचायचेत."

"परीक्षा दे. मग पेटीभर देतो."

"परीक्षा दिल्याने बाबा सुटणार?"

"नाही. न दिल्याने सुटतील?"

ती उठून आत गेली. राव जाताना मला हळूच म्हणाले, "सोमवारचं मी काही वचन देत नाही, आबाराव. कागद आपल्या विरुद्ध आहे." मग जिन्यावरून परत वर तोंड करून म्हणाले, "तुम्ही दागिने करून घेतलेत त्या सोनाराची पावती, फोटो, काही?" लग्नातला एक फोटो होता, तो तर मी त्यांना केव्हाच दिला. त्यात हिच्या हातात पाटल्या आहेत. पण पाटल्या होत्या याचा तो पुरावा, लगड त्याच पाटल्यांची याचा नाही. हे मी रावांना सांगितलं तर म्हणाले, "हे कुठे शिकलांत?" नंदू आत होती. ऐकलं असेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

पलंगाखालची दोरी सुटलेली दिसली. पुस्तकं टेबलावर. सकाळपासून पाऊस, रस्त्यात पाणी, दुकान बंदच ठेवलं. रविवारी मेट्रो चालू असेल ना? सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी ती आपणहून समोर येऊन बसली. एकच उतारा. कशाबद्दल होता ते लिहीत नाही, मला नीट कळलाही नाही, मी तिच्या आवाजाकडे लक्ष देत होतो. मी "बी" म्हटलं. तिने "बी" खोडलं नाही. "बी च आहे, आबा," म्हणाली आणि पुस्तक मिटलं. पुढं बोलेल असं वाटलं होतं. पाणी प्यायला उठली ती आतच गेली.

मी विचारणार होतो, उद्या नक्की बसणार ना. तोंडापर्यंत आलं होतं.

७ डिसेंबर, रविवार

मेट्रोच्या जिन्यापर्यंत बरोबर गेलो. हॉल तिकीट प्लॅस्टिकच्या पाकिटात, दोन पेनं, पाण्याची बाटली. आणि खांद्याला मोठी पिशवी. कपडे असावेत. पेपरला जाताना कपडे कशाला? सेंटरात पिशवी आत घेत नाहीत म्हणतात, मग ठेवणार कुठे? दक्षिणेकडच्या बसगाड्या जिथून सुटतात तिकडे जायचा रस्ताही इथूनच.

मी पिशवीकडे बघतोय हे तिने बघितलं. "इथून परत जा," म्हणाली. "गर्दीत तुम्हाला दम लागतो."

"बरं," म्हटलं.

तिने वाकून नमस्कार केला नाही. माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, ते निसटलं होतं. मग खाली उतरून गेली. कुठली गाडी धरली ते वरून दिसत नाही.

विचारलं नाही. आजही विचारलं नाही.

रात्री आठपर्यंत तिचा फोन बंद. मग विमलचा निरोप, दोन शब्दांचा. "पोचली. नंतर बोलते."

म्हणजे आईकडे पोचली, जेलच्या गावी. पेपर देऊन निघाली असेल तर इतक्या लवकर पोचेल का? पावसाने बस उशिरा, की रेल्वे? सकाळीच गेली असेल तर दुपारीच पोचायला हवी होती, मग निरोप रात्री का? वहीच्या मागच्या पानावर दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं. दोन्ही बसतं. मला काढता येत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

काल तारीख होती. राव तिकडे गेलेत, त्यांचा फोन बंद. विमलचा लागत नाही. सूर्यवंशींच्या शेजाऱ्यांचा नंबर मिळवला, ते म्हणाले पावसामुळे वीज गेली आहे, मोबाइल चार्ज नसतील, तसे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे कोण? संपतला धरून की सोडून? त्यांना माहीत नव्हतं.

तात्या कदम आले होते. दारातूनच म्हणाले, "काय कळलं?" नाही म्हटलं. म्हणाले, "सुटला तर एक नारळ माझ्याकडून." मी त्यांना आत या म्हटलं नाही.

खाली शटर अर्धं होतं, आज पूर्ण उघडलं आणि कट्ट्यावर खुर्ची टाकून बसलो. कोणी गिऱ्हाईक नाही. येणारा-जाणारा बघतो आणि पुढे होतो. बघू दे.

नंदू, ही वही तू दिलीस, तूच कधी वाचलीस तर वाच. पेपरला बसलीस की नाही बसलीस, मी रागावणार नाही. रागवायचा मला काय हक्क. बापाला मी विचारायला हवं होतं ते तू विचारलं असशील. त्याने काय सांगितलं? आणि कोर्टाने काय म्हटलं? तो माझ्याबद्दल काही बोलला का? काहीच बोलला नसेल तर तसं सांग.

वीज आली की लगेच कळव, बाय. दुसऱ्याच्या फोनवरून कळव. चांगलं असो, वाईट असो, मला झेपेल का याचा विचार करू नकोस. मी तुझ्याशी तेच केलं होतं. पुरतं कळव.